कुस्तुनतुनियाचा अर्थ

१

आमच्याकडे पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा. वाचणाऱ्यानं ओवी म्हणायची आणि थांबायचं. मग दुसऱ्यानं तिचा अर्थ उलगडायचा, बायांनी हुंकार द्यायचा, आणि त्यानंतरच पुढची ओवी. वाचणारा कोणीही चालतो, अक्षर ओळखता आलं की झालं. अर्थ सांगणाऱ्याचं तसं नाही. त्याला पाट मिळतो, टेकायला भिंत मिळते, आणि सगळे बघतात ते त्याच्याच तोंडाकडं.

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात, आमच्या गल्लीत, ती जागा माझी. मी कौसाबाई. शाळेत गेले नाही. चाळिशी उलटल्यावर लेकाच्या जुन्या पुस्तकांवरून चुलीपाशी अक्षरं गिरवली, आणि एकदा शिकल्यावर थांबले नाही. पोथ्या वाचून झाल्या तेव्हा इतिहासाला हात घातला. कौरवांचं पुढं काय होतं हे ज्या बायांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांना तीच कथा सांगून किती रडवणार? मी त्यांना रशियाच्या राण्या सांगितल्या, चीनची भिंत सांगितली. रीत मात्र पोथीचीच ठेवली: आधी पुस्तकातला उतारा, मग थांबा, मग माझा अर्थ. दुपारची भांडी आटोपली की माझ्या बैठकीत पाय ठेवायला जागा नसायची. मास्तरीणबाईसुद्धा यायच्या, आणि उशिरा आल्या तर दारात चपलांपाशी बसायच्या.

यंदा लावला होता कॉन्स्टँटिनोपलचा इतिहास, म्हणजे आताचं इस्तंबूल. नाव ऐकताच समोरच्या घरातली खुर्शीदबी म्हणाली, "अगं माय, हे तर आमचं कुस्तुनतुनिया! आमचे अब्बा सांगायचे." मला तेच नाव आवडलं. तिथं हजार वर्षं बादशहा होते, स्वतःला रोमचे वारस म्हणवणारे. पूर्वेकडून तुर्क चढून आले तेव्हा आलेक्सिअस नावाच्या बादशहानं पश्चिमेकडच्या आपल्या धर्मभावांना हाक मारली, थोडे लढाऊ स्वार पाठवा म्हणून. त्यांनी स्वार पाठवले नाहीत. फौजांमागून फौजा आल्या. आता त्यांना खाऊ घालायचं, त्यांच्याकडून इमानाच्या शपथा घ्यायच्या, आणि त्यांची नजर आपल्याच शहरावर पडणार नाही ना, ते बघत बसायचं.

बाया अशा ऐकायच्या, जसं हे सगळं परवा सेनगावात झालंय.

२

दोन गोष्टी एकदमच आल्या. माझ्या डोळ्यात काचबिंदू निघाला, आणि चंदाबाईनं स्पीकर आणला.

चंदाबाई म्हणजे मागच्या गल्लीतली. तिला सही करता येत नाही, पण अंगणात नवी फरशी आहे आणि आवाज मोठा आहे. तिनं बरोबर माझ्याच वेळेला भजन चालू केलं. ऐकणाऱ्यांना चहा. माझ्याकडच्या काही बाया तिकडं जायला लागल्या. डोळ्यांचं तर असं झालं, की समोरचं तेवढं दिसे, कडेचं सगळं काळं. ओळ धरली की पुढची ओळ हरवायची.

माझी नातसून पुनम म्हणाली, "आजी, मी वाचते की."

तिनं वाचलं. एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसं वाचलं. खुर्शीदबी म्हणाली, "बेटी, बादशहा कोनत्या फलाटावर लागला?" सगळ्या हसल्या. मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी चंदाबाईकडं दिसल्या.

जीपवाल्या रतनसिंगला मी सांगून ठेवलं होतं, कुठं चांगली वाचणारी असंल तर बघ. एका सकाळी त्यानं दारात जीप उभी केली आणि एका बाईला उतरवलं. पन्नाशीची असावी. हातात पिशवी, पिशवीत फार काही नसावं.

"आजी, ही सखुबाई. पच्छिमेकडची हाय. पोथी वाचते म्हनते."

"कुठं भेटली तुला?"

"चौफुल्यावर बसली होती."

मी तिला विचारलं, "काहून बसली होतीस गं तिथं?"

ती म्हणाली, "तिथं जुनं देऊळ हाय. ज्याला कोनाशी बरोबरी करायची असंल त्यानं तिथं बसायचं. मी लई दिवस बसले. कोनीच आलं न्हाई."

बाई जरा हललेली आहे, एवढंच मला वाटलं. वाचायला लावलं, आणि मग काहीच वाटेना. असा आवाज मी ऐकला नव्हता. कोरडा, सपाट, पण शब्द न् शब्द तांदळासारखा सुटा.

मी तिला ठेवून घेतली. मागची खोली दिली. दोन वेळची भाकरी. आणि अट घातली. तुळशीपुढं उभं करून, हातात पाणी देऊन म्हणवून घेतलं: मी फक्त वाचीन, अर्थ सांगणार नाही.

"न्हाई सांगनार," ती म्हणाली. "माझं ते काम न्हाई."

इथंच सांगते, तिनं शपथ कधीही मोडली नाही.

३

बाया परत आल्या. चंदाबाईच्या स्पीकरपुढं चार-पाच जणी उरल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण एक बारीकशी गोष्ट खुपायला लागली. हुंकार लवकर येत होता.

सखुबाई उतारा वाचायची आणि थांबायची. मी घसा खाकरून, कुठून धरावं याचा विचार करून तोंड उघडायची, तोवर बायांचं "हां... व्हय..." होऊन गेलेलं असायचं. त्या हसायच्या, आणि मला कळायचं नाही कशाला. मग मी अर्थ सांगायची, त्यात एखादा टोमणा मारायची, तेव्हा त्या गप्प. जसं जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा ताट वाढलं.

मी मनाला समजावलं. वाचणारी चांगली असली की मूळ उताराच पोचतो. बायांना आता पुस्तकी भाषा कळायला लागली. माझ्याच इतक्या वर्षांच्या मेहनतीचं फळ. असं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटली आणि रात्री जेवताना सखुबाईच्या ताटातली लोण्याची गोळी बघून माझं पोट जळलं. पुनमनं मला साधी भाकरी वाढली होती.

"तिला लोनी काहून?"

"तुमीच म्हनल्या ना आजी, वाचनारीचा घसा ओला राहिला पाहिजे."

मी असं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

४

मग तो उतारा आला. आलेक्सिअसच्या दरबारात पश्चिमेचे सरदार शपथ घेतात तो. शपथ झाल्यावर त्यांच्यातला एक जण सरळ जाऊन बादशहाच्या सिंहासनावर बसला. भर दरबारात. बादशहा काही बोलला नाही. शेवटी त्यांच्यातल्याच दुसऱ्या एका सरदारानं हाताला धरून त्याला उठवलं. नंतर बादशहानं त्या माणसाला बोलावून विचारलं, तू कोण, कुठला? तो म्हणाला, आमच्या मुलखात एका चौफुल्यावर जुनं देऊळ आहे. ज्याला कोणाशी एकट्यानं झुंजायचं असेल तो तिथं जाऊन वाट बघतो. मी फार दिवस वाट बघितली. कोणीच आलं नाही.

सखुबाईनं हे वाचलं आणि थांबली. पापणीसुद्धा हलली नाही.

हे पान मी कधी वाचलेलं नव्हतं. पुस्तक माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कंबरेला, आणि जीपमधून उतरल्या उतरल्या ती हेच बोलली होती. आता, चौफुले सगळीकडंच असतात. चौफुल्यावर देऊळ असतंच. गावोगाव हिंडणाऱ्या बाईच्या हाताला हे पुस्तक आणखी कुठं लागलं नसेल कशावरून? मी हे सगळं पाटावर बसल्या बसल्या मनात मांडलं. एक शब्द बोलले नाही.

"काय माय ती मिजास त्या सरदाराची!" खुर्शीदबी म्हणाली. "पन बाई, बादशहा गप काहून राहिला, ते तुमी लई छान सांगितलं. मला तर रडूच आलं."

मी पाटावरून पुढं वाकले.

"काय सांगितलं मी?"

"ऐका! आत्ताच तर सांगितलं," ती हसली. "बाईंना पुन्हा तारीफ ऐकायची हाय."

५

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तोंड मिटून बसले. दातावर दात. तोंडात लवंग धरली, म्हणजे विसरून बोलले तर कळेल.

सखुबाई वाचायची, थांबायची. ती थांबली की बैठकीत एक शांतता व्हायची, आणि त्या शांततेत सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघायच्या. नुसतं बघणं नव्हे ते. माना हलत होत्या. मधेच एखादी पदर तोंडाला लावून हसे. मास्तरीणबाई "अरे देवा" म्हणाल्या. मला ऐकू येत होता पंख्याचा आवाज आणि बाहेर शेळीचं ओरडणं. पाटावर बसलेल्या मला त्या शांततेत दुसरं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

मग, कोणीतरी खूण केल्यासारखा, सगळ्यांचा एकदम हुंकार. सखुबाई पुढचा उतारा घ्यायची.

उठताना पुनम पाया पडली. कधी पडत नाही. म्हणाली, "आजी, आजच्यासारखं तर तुमी कधीच सांगितलं न्हाई."

लवंग तोंडात जशीच्या तशी होती.

भीती वाटली का? वाटली. पण आधी काय वाटलं ते लिहिते, मला कोणाच्या बापाची लाज नाही. आधी वाटलं, असं काय सांगितलं असेल? कोणता शब्द लावला असेल तिथं, की खुर्शीदबी रडली? मी इतकी वर्षं सांगते आहे, तिला कधी रडवू शकले नव्हते.

६

पुनमच्या मोबाईलवर रेकॉर्ड करायला लावलं. बाया गेल्यावर खोलीचं दार लावून ऐकलं.

सखुबाईचा कोरडा आवाज. उतारा. मग काही नाही. फक्त खोलीचा आवाज, पंखा. त्यात एकदम बायांचं हसू. पुन्हा काही नाही. बांगड्या. कोणीतरी नाक ओढलं. कोणी म्हणालं, "बराबर हाय." आणि हुंकार.

मी पुनमला बोलावून तोच तुकडा ऐकवला. "यात कोन बोलतंय?"

ती कान देऊन ऐकू लागली. हळूहळू तिचे डोळे भरून आले.

"किती गोड सांगता आजी तुमी," ती म्हणाली, आणि डोळे पुसून विचारलं, "पुन्हा लावू?"

७

मी सखुबाईला धान्य निवडताना गाठलं. ती सुपात तूर घोळत होती.

"तू काय करून राहिलीस माझ्या बैठकीत?"

"वाचून राहिले."

"आन् अर्थ कोन सांगतं?"

"मला काय माहीत, कौसाबाई. मी पुस्तकाकडं बघते."

"खोटं बोलू नको. तुळशीपुढं शपथ घेतली तू."

"घेतली. पाळली बी." तिनं सूप खाली ठेवलं. "तुमाला वाचनारी पाहिजे होती. तुमी बोलावलं म्हनून मी आले. जा म्हना, जाते."

"जा."

"बरं," ती म्हणाली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. पिशवी घेतली आणि दुपार व्हायच्या आत गेली. तूर अर्धी निवडलेली तशीच राहिली.

त्या दुपारी मी पुनमला वाचायला बसवलं आणि पाटावर ताठ बसले. आता बघा म्हटलं. पुनमनं उतारा वाचला, थांबली. मी सुरुवात केली. सांगते, त्या दिवशी मी जीव ओतला. आलेक्सिअस गेला, त्याच्यामागं शंभर वर्षं गेली, नवे बादशहा आले, पश्चिमेच्या फौजा पुन्हा आल्या. सगळं असं सांगितलं की माझ्याच अंगावर काटा आला.

बाया बसल्या होत्या. चेहरे कोरे. एक दुसरीला म्हणाली, "लाईट गेली वाटतं," आणि पंख्याकडं बघितलं. मी आवाज चढवला. खुर्शीदबी माझ्याजवळ सरकली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाई, तबेत बरी न्हाई का? केव्हाच्या गप बसल्या."

"मी बोलून राहिले ना!"

हे मात्र तिला ऐकू आलं. "मग बोला ना, बाई," ती समजुतीनं म्हणाली. "आमी थांबलोय."

मी पुन्हा कुस्तुनतुनिया धरलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जसं आपण बंद दुकानाकडं बघतो. चहा घ्या म्हटलेलं ऐकू जात होतं. सरका, बसा, दार लोटा, सगळं जात होतं. अर्थ तेवढा जात नव्हता.

एकेक करून त्या उठल्या.

८

चंदाबाईकडं भजन बंद झालं होतं. आता तिथं दुपारी इतिहास लागायचा, असं पुनमनंच सांगितलं, भीत भीत. "आन् आजी, चंदाबाई अर्थ सांगतात. बराबर तुमच्यासारखा."

ज्या बाईला कागदावर अंगठा उमटवायला लागतो ती! मी चप्पल न घालता निघाले.

गल्ली ओलांडायच्या आधीच ऐकू आलं. स्पीकरवर नव्हतं. साधं, अंगणातून येणारं. माझा आवाज. माझाच, पण पन्नाशीतला, दात असतानाचा. आणि तो आंधळ्या बादशहाची कथा सांगत होता.

मी दारात उभी राहिले. सगळ्या होत्या. माझ्या सगळ्या बाया, खुर्शीदबी पुढंच. सखुबाई माझ्या कपाटातल्यासारखंच दुसरं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली, थांबलेली. पाटावर चंदाबाई, जरीचं लुगडं नेसून, तोंडात पान, तोंड मिटलेलं. लोक आपल्याकडं बघतात म्हणून खुश. तिला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. माझ्या पाटावर मी किती दुपारी तशीच बसले होते.

आवाज तिच्या मागून येत होता. तिची पाठ आणि भिंत यांच्यात वीतभर जागा नव्हती. माझ्या उरल्यासुरल्या नजरेत तिथं डोक्यावरून घेतलेला पदर आला, मी घेते तसा. पदराच्या आत, जिथं तोंड असतं तिथं, नुसतं हलणं. मी मान वळवली आणि ते कडेच्या काळ्यात गेलं.

पळायला पाहिजे होतं. मी ऐकत राहिले.

आंधळ्या आयझॅकचं पोरगं पश्चिमेची फौज घेऊन येतं. भेदरलेला दरबार म्हाताऱ्याला बंदिखान्यातून काढून पुन्हा सिंहासनावर बसवतो. पण जयघोषात आता आधी पोराचं नाव येतं, मोठ्यानं; मग बापाचं, हळू. आंधळ्याला दिसत नाही, पण आवाजातला फरक ऐकू येतो. तो आवाज म्हणाला, "तवा त्याला कळलं, बायांनो, की डोळे गेले तवा तो आंधळा झाला नव्हता. आज झाला." खुर्शीदबी हमसून रडली. आणि मला, देवाशपथ, असं वाटलं की तो पदर ओढून त्यातलं जे असेल त्याचा गळा धरावा, कारण हे मला सुचायला पाहिजे होतं. हे माझं होतं.

"ज्या पोरानं त्याचे डोळे काढले," आवाज पुढं म्हणाला, "त्याच पोराच्या शेजारी..."

"भावानं!" मी ओरडले. "पोरानं न्हाई, भावानं काढले डोळे! पोरगा तर त्याला सोडवायला आला होता!"

सगळ्या माना वळल्या. ऐकू गेलं होतं. माझं ऐकू गेलं होतं.

आवाज थांबला. मग म्हणाला, "भावानं. बराबर." अगदी आदरानं.

"बसा ना आजी," माझ्यामागून येऊन बसलेल्या पुनमनं सरकून जागा केली. "बरं झालं सांगितलं." चंदाबाई पान चावत माझ्याकडं बघत होती, हे काय चाललंय ते न कळून. सखुबाईनं पान उलटलं.

मी बसले.

तेव्हापासून रोज जाते. चपलांपाशी जागा असते माझी. कान टवकारून बसते, कारण चूक झाली की मी बोलते, आणि मी बोलले की त्या वळून बघतात, मान हलवतात, मास्तरीणबाई म्हणतात की कौसाबाईंचं वाचन दांडगं. आधी रोज दोन-तीन चुका निघायच्या. सनावळी चुकायची, नात्यांचा घोळ व्हायचा. मी सांगितलं की आवाज दुरुस्त करायचा, आणि ती चूक पुन्हा कधी करायचा नाही. लवकर शिकतो. माझ्यापेक्षा लवकर. मग दिवसाला एखादी. मग दिवसाआड एखादी. घरी अलीकडं पुनम म्हणते, "काय म्हनलात आजी? पुन्हा बोला."

काल शहराचा दरवाजा फुटला तो भाग होता. पश्चिमेचे सैनिक गल्ल्यांत शिरले. मी शेवटपर्यंत श्वास धरून ऐकलं. एकही चूक झाली नाही.

परत येताना खुर्शीदबी चार पावलं पुढं होती. मी तिला हाक मारली. गल्ली रिकामी होती, वारा नव्हता, तिचे कान माझ्यापेक्षा तिखट. मी पुन्हा मारली, नावानं, घसा ताणून.

ती पुनमशी बोलत होती, चंदाबाईनं आज काय सांगितलं म्हणून. त्या कोपऱ्यावर वळल्या.